नवा खेळ की नवा डाव?

बैठे खेळ, म्हणजे एका जागी बसून पत्ते, फासे, सोंगट्या किंवा पट मांडून खेळायचे खेळ, यांचा विचार दोन दिशांनी करता येतो. खेळाची घडण कशी आहे, त्याचे नियम किती रेखीव आहेत आणि त्यात दैवाचा व बुद्धीचा वाटा किती, हा एक विचार झाला. तो खेळ कोणाबरोबर, किती वर्षे आणि किती वेळा खेळला गेला, हा दुसरा. मित्रमंडळी जमवून नेमाने खेळणाऱ्या हौशी माणसाला हे दोन्ही विचार सुटत नाहीत, आणि पुढील संवादातील दोन पक्ष त्यांच्याच दोन टोकांना उभे आहेत. त्यांतील पत्तेप्रेमी वयाने वडील असून बावन पत्त्यांच्या एका जोडावर, आणि त्यातही मेंढीकोट या एका खेळावर, त्याची निष्ठा आहे. पटप्रेमी वयाने धाकटा; गेल्या तीस वर्षांत युरोपातून, विशेषतः जर्मनीतून, जगभर पसरलेल्या नव्या पटखेळांचा तो संग्राहक आहे आणि जवळजवळ दर भेटीला तो नवी पेटी उघडतो. दोघे एकाच मंडळात खेळत असल्यामुळे दर बैठकीच्या आरंभी आज काय मांडायचे हे ठरवताना त्यांच्यात हा वाद उभा राहतोच.

पत्तेप्रेमी: "नवी पेटी उघडली की पहिला तास नियम समजून घेण्यात जातो, दुसऱ्या तासात ते चुकत चुकत खेळले जातात, आणि तिसऱ्या भेटीच्या आत दुसरीच पेटी येते, मग त्या खेळातले खरे खेळणे सुरू व्हायचे राहूनच जाते. पत्ते मात्र तेच असून डाव दर वेळी नवा पडतो. चौघांना तेरा-तेरा पाने वाटण्याच्या जितक्या तऱ्हा संभवतात, त्यांची संख्या लिहायला २९ आकडे लागतात. इतके नावीन्य एका जोडात असताना ते बाहेर शोधायचे कशाला?"

पटप्रेमी: "काका, हे नावीन्य वाटपाचे झाले. वाटप कितीही बदलले तरी मेंढीकोट विचारतो तो प्रश्न एकच राहतो: चार दश्श्या कोणाच्या पदरात पडणार? कॅटनमध्ये प्रश्न निराळा असतो. समोरच्याला आज वीट दिली तर तो तिचा रस्ता बांधून उद्या आपलीच वाट अडवील का, हे तिथे ठरवावे लागते. नवा खेळ म्हणजे मंडळींना विचारलेला नवा प्रश्न, आणि त्याचे उत्तर देताना वीस वर्षांच्या मित्राचाही कधी न दिसलेला स्वभाव दिसतो."

या दोन्ही खेळांची घडण येथे सांगितली पाहिजे. मेंढीकोटात चार भिडू असतात आणि समोरासमोर बसलेल्या दोघांची जोडी होते. उतारी करणाऱ्याने, म्हणजे पहिले पान टाकणाऱ्याने, जो रंग टाकला असेल तोच रंग इतरांनी टाकायचा. तो रंग जवळ नसेल तर हुकमाचे पान मारून हात, म्हणजे त्या फेरीतली चारही पाने, जिंकता येतो. दहाच्या पानाला मेंढी म्हणतात. तीन किंवा चार मेंढ्या मिळवणारी जोडी डाव जिंकते, दोन-दोन झाल्या तर तेरांपैकी सात हात करणारी जोडी जिंकते, आणि चारही मेंढ्या गोळा झाल्या की समोरच्यांवर कोट चढतो. कॅटन हा क्लाउस टॉयबर या जर्मन खेळरचनाकाराचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला खेळ आहे. त्यात १९ षटकोनी तुकड्यांचे बेट दर वेळी नव्याने मांडतात. वाळवंटाचा एक तुकडा सोडून प्रत्येक तुकड्यातून लाकूड, वीट, लोकर, धान्य किंवा खनिज निघते, आणि तुकड्यावरचा आकडा दोन फाशांच्या बेरजेत आला की त्याच्या कडेला वस्ती असलेल्या प्रत्येकाला तो माल मिळतो. फासा कोणीही टाकला तरी लाभ कोणालाही होऊ शकत असल्यामुळे दुसऱ्याची पाळी चालू असतानाही कोणी रिकामा बसत नाही, आणि हवा असलेला माल बहुधा दुसऱ्यापाशीच असल्यामुळे बोलणे, घासाघीस करणे आणि विनवणे हा खेळाचाच भाग होतो. कोणालाही मध्येच बाद न करण्याची जी रीत पुढे या साऱ्या खेळप्रकाराची ओळख ठरली, ती कॅटनने दूरवर पोहोचवली.

महाराष्ट्रातल्या घरांत व्यापार या नावाने ओळखला जाणारा खेळ या बाबतीत नेमका उलट आहे. लिझी मॅगी या अमेरिकी स्त्रीने १९०४ साली ज्या खेळाचे पेटंट मिळवले होते, त्यातून जमिनीचे भाडे मोजक्या मालकांकडे साचत जाते आणि बाकीचे कसे नागवले जातात हे तिला दाखवायचे होते. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली निर्माण झाला आणि १९३५ साली तो मोठ्या प्रमाणावर विक्रीला आला. उपदेश गळून पडला, पण एकेकाचे दिवाळे निघण्याची यंत्रणा तशीच राहिली. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मांडलेल्या व्यापारात पहिला कंगाल झालेला मुलगा उरलेली दुपार बँक सांभाळत काढतो. या खेळाच्या दोषाबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद नाहीत.

मतभेद आहेत ते पाचव्या माणसाबद्दल. मेंढीकोटाला भिडू हवेत चार. सहा जणांचा प्रकारही खेळला जातो, पण पाचाचे गणित काही केल्या जुळत नाही.

पटप्रेमी: "पाचवा आला की त्याने मागे बसून पाहायचे, हा पत्त्यांचा शिरस्ता. शिवाय अनेक घरांत बैठकीच्या खोलीत चौघे पुरुष डावावर डाव टाकत आणि चहा आतून येत राही. ज्या घरात तीस वर्षे पत्ते खेळले गेले त्याच घरातल्या कित्येक बायकांना हुकूम कसा बोलतात हे कोणी सांगितले नाही. नव्या खेळाच्या पेटीवर दोन ते पाच किंवा तीन ते सहा असा आकडा छापलेला असतो, आणि नियम सगळ्यांनाच नवे असल्यामुळे घरात आलेली सून, शेजारचा विद्यार्थी आणि जुना मित्र एकाच पायरीवरून सुरुवात करतात."

पत्तेप्रेमी: "बायकांना वगळले गेले हे खरे आहे आणि ते चुकीचे होते, पण दुपारच्या वेळी रंगणाऱ्या त्यांच्या रमीच्या डावांना, कोकणात गणपतीच्या जागरणाला सगळे घर मिळून खेळते त्या पत्त्यांना विसरू नकोस. आणि मागे बसणे हे तर शिक्षण आहे. पत्त्यांत पुस्तिका नसते, शिडी असते. भिकार-सावकारमध्ये मुलाला काहीच ठरवावे लागत नाही, नुसते पान उलटायचे. गुलामचोरात चेहरा कोरा ठेवायला तो शिकतो. बदाम सातमध्ये खेळता येणारे पान मुद्दाम अडवून धरण्याची पहिली ओळख होते. पाच-तीन-दोनमध्ये दहा हातांपैकी आपल्या वाट्याचे हात आधी कबूल करून मग ते करून दाखवावे लागतात. तिथून मेंढीकोट आणि तिथून ब्रिज. एकेका पायरीला एकच नवी गोष्ट शिकायची, आणि तीही वडीलधाऱ्याच्या खांद्यावरून पाहत."

शिडीचे हे वर्णन अचूक आहे आणि बैठ्या खेळांच्या अध्यापनाची याहून चांगली पद्धत नव्या पटखेळांना सापडलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. वीस पानी पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवणारा यजमान ही त्या जगातली मोठी अडचण आहे. तरीही पटप्रेमीचा आक्षेप उरतो, कारण शिडी चढायची तर लहानपणी तिच्या पायथ्याशी बसायला मिळावे लागते, आणि चाळिशीत प्रथमच मंडळात आलेल्या माणसाला मागे बसवणे म्हणजे त्याला न खेळवणेच होय.

यानंतर संवाद दैवाच्या प्रश्नाकडे वळतो, पण तेथे फार रेंगाळत नाही. कॅटनमध्ये दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा वेळा सात येतात आणि बारा फक्त एकदा, म्हणून बाराच्या आकड्यावर वस्ती करणारा स्वतःच्या निर्णयाने धोका पत्करतो, असे पटप्रेमी सांगतो. तर रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि काय धरायचे, काय सोडायचे हे कौशल्याने ठरवावे लागते म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटल्याची आठवण पत्तेप्रेमी करून देतो. कोणाच्याही खेळात दैव आहे, आणि ते असावे असेच दोघांना वाटते. निव्वळ बुद्धीचा खेळ मंडळातल्या दुबळ्या खेळाडूला दर वेळी हरवतो आणि मग तो येणे बंद करतो.

खरा संघर्ष होतो तो मौनाच्या मुद्द्यावर. पत्त्यांच्या जोडीच्या खेळात भिडूला आपल्या हातातली पाने सांगायची नसतात. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' या १९७८ च्या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की टाळता येण्याजोगे अडथळे स्वखुशीने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. ही व्याख्या मेंढीकोटाला चपखल लागू पडते: भिडूला इस्पिकचा एक्का आपल्याकडे आहे असे एका वाक्यात सांगता आले असते, पण ते वाक्य न उच्चारण्याचे चौघांनी मान्य केलेले असते, आणि साऱ्या डावाची गंमत त्या न उच्चारलेल्या वाक्यात साठते.

पत्तेप्रेमी: "एक भिडू एक्का आला की लगेच उतरवून मोकळा होतो, दुसरा तो शेवटच्या चार हातांपर्यंत दाबून ठेवतो. पहिल्याने चौकटची सत्ती टाकली तर त्याच्याकडे एक्का नाही असे समजायचे. दुसऱ्याने टाकली तर काहीच समजायचे नाही. आपली दश्शी त्याच्या हातावर निर्धास्त टाकायची की मागे ठेवायची, हा निर्णय त्या एका सत्तीवर घ्यावा लागतो. हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. मुंबईच्या लोकलमध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून रोज त्याच डब्यात, त्याच गाडीला, त्याच चौघांत जो डाव पडतो, त्यातले भिडू एकमेकांच्या घरचे पत्तेही सांगू शकणार नाहीत कदाचित, पण कोण कधी हुकूम मारील हे डोळे मिटून सांगतील. एकमेकांना इतके ओळखायला एकच खेळ हजार वेळा खेळावा लागतो."

पटप्रेमी: "हजार वेळांची गरज मौनाला नाही, ओळखीला आहे, आणि मौनावर नव्या खेळांनी जितका विचार केला तितका जुन्यांनी केला नाही. हनाबीचेच पाहा. आपली पाने आपल्यालाच दिसत नाहीत. ती उलटी, इतरांकडे तोंड करून धरायची. पाच रंग, प्रत्येकात एक ते पाच असा क्रम सगळ्यांनी मिळून लावायचा, आणि दुसऱ्याला त्याच्या पानांबद्दल सांगायचे ते फक्त रंग किंवा आकडा, तेही आठ सूचना-चकत्यांपैकी एक खर्चून. समोरच्याला तुझी ही दोन पाने लाल आहेत एवढेच सांगितले, तर त्याला विचार करावा लागतो की हे आत्ताच का सांगितले, निळ्याबद्दल का नाही सांगितले. जे मेंढीकोटात वर्षांनी साधते त्याची चव येथे पहिल्या तासात मिळते."

हनाबी हा आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा खेळ आहे. जपानी भाषेत त्या शब्दाचा अर्थ आतषबाजी, आणि जर्मनीत १९७९ पासून दर वर्षी उत्तम खेळाला दिला जाणारा 'श्पील देस यारेस' हा पुरस्कार त्याला २०१३ साली मिळाला. तो सहकारी खेळ आहे, म्हणजे खेळाडू एकमेकांविरुद्ध न लढता सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात. या प्रकारातल्या खेळांचा एक दोष येथे सांगणे भाग आहे, कारण पत्तेप्रेमी तो नेमका पकडतो. पॅन्डेमिकसारख्या, म्हणजे साथीचे रोग आवरण्याच्या २००८ सालच्या प्रसिद्ध सहकारी खेळात, सगळी माहिती उघड्यावर मांडता येते. परिणामी ज्याला खेळ सर्वांत चांगला कळतो तो इतरांच्याही खेळ्या सांगू लागतो आणि उरलेले तिघे केवळ त्याचे हात होऊन राहतात. योहान हॉयझिंगा या डच इतिहासकाराने 'होमो लुडन्स' या १९३८ च्या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळच मोडणारा असा भेद केला होता: लबाड खेळाडू नियमांचे जग निदान वरवर मानतो, तर रडीचा डाव खेळून उठून जाणारा ते जगच नाकारतो. सर्वांच्या वतीने एकट्याने खेळणारा या दोन्हींत बसत नाही. तो नियम पाळतो, डाव पूर्ण करतो, मंडळींना जिंकूनही देतो, आणि तरीही इतरांचे खेळणे हिरावून घेतो. या तिसऱ्या जातीच्या खेळाडूचा उपद्रव कोणत्याही लबाडीहून अधिक आहे असे प्रस्तुत लेखाचे मत आहे, कारण लबाडी पकडता येते, पण उत्साहाने केलेल्या मदतीबद्दल तक्रार करणे मित्रांना अवघड जाते.

पत्तेप्रेमी: "म्हणजे सहकार्याचा खेळही तेव्हाच उभा राहतो, जेव्हा त्यात कोणीतरी गप्प बसतो. मग हुकूम, हात आणि मौन एवढे घेऊन सहकारी खेळ का करत नाहीत?"

पटप्रेमी: "केला आहे, काका. द क्रू, २०१९ सालचा, थॉमस झिंग यांचा. चार रंग, प्रत्येकात नऊ पाने, आणि चार रॉकेटची पाने हाच कायमचा हुकूम. एकूण चाळीस पाने. उतारीचा रंग टाकायचा, नसेल तर मारायचे, अगदी मेंढीकोटासारखे. फरक एवढाच की अमुक पान अमुक खेळाडूच्याच हातात पडले पाहिजे असे आधी ठरते आणि ते सगळ्यांनी मिळून घडवून आणायचे. बोलायचे नाही; प्रत्येकाने फार तर एकदा, एक पान उघडे ठेवून, हे आपल्याकडचे त्या रंगाचे सर्वांत मोठे, सर्वांत लहान किंवा एकमेव आहे, एवढेच चकतीच्या जागेवरून दाखवायचे."

येथे पत्तेप्रेमीने जी गोष्ट केली ती वादापुरती नव्हती. त्याने त्या खेळाचे पहिले काही डाव मागितले, आणि पटप्रेमीला ज्या खेळी सुचायला वेळ लागला त्या त्याने सहज केल्या. आपल्याकडचा हिरवा रंग आधी संपवून ठेवायचा, म्हणजे पुढे हव्या त्या हाताला हुकूम मारता येतो, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. या घटनेचा अर्थ दोघांनी निरनिराळा लावला. पत्तेप्रेमीच्या मते यातून जुन्या एका खेळातली खोली नव्या सर्व खेळांत उपयोगी पडते हे सिद्ध झाले. पटप्रेमीच्या मते पन्नास वर्षे समोरच्याला हरवण्यासाठी वापरलेले कौशल्य मित्राला जिंकवण्यासाठीही वापरता येते, हे त्याला नव्या खेळाने प्रथमच दाखवले. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात, मात्र दुसऱ्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण जुन्या खेळाडूला आपल्या हातातले कसब नव्या जागी ओळखू येणे हा हौशी मंडळांत मिळणारा फार दुर्मीळ आनंद आहे.

तरीही पत्तेप्रेमीचा मूळ आक्षेप, की पेट्या साठतात आणि खेळ राहून जातो, अनुत्तरित होता. त्यावर बोलताना दोघेही अनपेक्षितपणे गंजिफ्यावर येतात. गंजिफा म्हणजे हातांनी रंगवून लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. इराणातून आलेल्या या खेळाचा एक जोड बाबराने १५२७ साली सिंधला भेट पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे हिंदुस्थानात दशावतारी प्रकार घडला: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. सावंतवाडीत ही कला लोपत चालली असता शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यात पुन्हा आश्रय दिला, आणि आजही तेथे हे पत्ते हातांनी रंगवले जातात.

पत्तेप्रेमी: "त्या पत्त्यांचे जोड लोक काचेत ठेवतात, भेट देतात, भिंतीवर लावतात. खेळणारे किती? पेटी जिवंत राहिली आणि खेळ गेला, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. ज्या दिवशी शेवटची तीन माणसे एकत्र बसणे थांबली त्या दिवशी खेळ थांबला. रंग आणि लाख त्याला वाचवू शकले नाहीत. कपाटभर पेट्यांचेही उद्या असेच होईल."

पटप्रेमी: "पण काका, तो खेळ गेला तो मागे बसून शिकण्याच्या पद्धतीमुळेही गेला. मागे बसणारा कोणी उरला नाही की त्या शिडीबरोबर सगळेच जाते. नियम कोणीतरी लिहून ठेवले म्हणून तर आज ते माहीत आहेत. पुस्तिका कंटाळवाणी असेल, पण ती माणसांची वाट पाहू शकते."

या उत्तराने पत्तेप्रेमी पहिल्यांदा निरुत्तर होतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. गंजिफ्याचे नियम खरोखरच विलक्षण आहेत. त्यात हुकमाचा रंग नाही. पहिल्या पाच अवतारांच्या रंगांत दहाचे पान एक्क्याहून मोठे, तर उरलेल्या पाचांत हा क्रम उलटा होऊन प्रधानाखालोखाल एक्का आणि दहा सर्वांत खाली. म्हणजे खेळाडूला एकाच वेळी दोन चढउतार डोक्यात ठेवावे लागतात आणि पडलेले प्रत्येक पान लक्षात ठेवावे लागते. ज्याने मेंढीकोटात आयुष्यभर पडलेली पाने मोजली त्याला हे आव्हान पेलण्यासारखे आहे, आणि ज्याने दर महिन्याला नवी पुस्तिका वाचून ती इतरांना समजावली त्याच्यावाचून ते मांडले जाणार नाही.

पुढच्या भेटीसाठी जोड मागवण्याचे ठरले, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले. पटप्रेमीच्या मते दोन-तीन डावांत खेळाचे स्वरूप कळेल आणि मग पुढचे पाहता येईल. पत्तेप्रेमीची अट अशी की एकदा मांडला तर वर्षभर दुसरे काही मांडायचे नाही. या अटीचा निकाल अजून लागलेला नाही. प्रत्येकी चाळीस पाने वाटली जात असल्यामुळे खेळायला तिसरा भिडू लागतो, आणि तो मंडळातल्या जुन्यांपैकी घ्यायचा की ज्याने आजवर एकही पान हातात धरलेले नाही असा, यावरही दोघांचे जुळलेले नाही. एक गोष्ट मात्र नियमानेच ठरून गेली आहे: बैठक दिवसा भरली तर ज्याच्या हाती रामाच्या रंगाचा राजा येईल त्याने उतारी करायची, आणि रात्री भरली तर कृष्णाच्या रंगाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने.